वाणीची काटकसर आणि श्रोत्याचा कान

रायपूर शहराला लागून असलेल्या बीरगांवात उरला औद्योगिक क्षेत्रातील यंत्रांची घरघर सतत चालू असते. त्या घरघरीत उभा राहून एखादा कामगार गावी दूरध्वनी करतो, तेव्हा त्याच्या वाणीचे काय होते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नव्हे.

दूरध्वनीच्या अंकीय पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतात. प्रत्येक नमुना 8 बिटांत लिहिला, की सेकंदाला 64,000 बिट होतात. तारेला हा भार पेलतो. परंतु बिनतारी लहरींची वाट अरुंद असून ती अनेकांना वाटून घ्यावी लागते.

उपाय वाणीच्या स्वभावातच सापडला. स्वरतंतूंचे कंपन मुखपोकळीतून जाताना बोल घडतो, आणि पोकळीचा आकार सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फारसा बदलत नाही. तेव्हा सगळी लहर न पाठविता कंपनाचे व आकाराचे वर्णन पाठवावे; पलीकडचे यंत्र त्यावरून आवाज पुन्हा घडविते. कानपूर येथे जन्मलेले बिष्णू अटल यांनी या विचाराचा पाया घातला. त्यांनी व मान्फ्रेड श्रोडर यांनी 1985 मध्ये सुचविले, की तयार लहरींच्या संग्रहातून कानाला मूळ आवाजाच्या सर्वांत जवळची वाटणारी लहर निवडावी आणि तिचा केवळ क्रमांक पाठवावा. पुढील बहुतेक मोबाईल पद्धती याच वाटेने गेल्या. जीएसएमची पहिली पद्धत 13,000 बिटांत काम भागवीत असे. पुढे 4,750 बिटांपर्यंत मजल गेली.

काटकसर हवीच. परंतु ती कोणाच्या कानाने तोलावी? जुना दूरध्वनी सेकंदाला सुमारे 3,400 कंपनांवरचा आवाज कापून टाकतो. 'स'चा बराचसा सीत्कार त्याच्याही वर असतो. वाक्यात 'साल' आणि 'शाल' संदर्भाने ओळखता येतात. औषधाचे किंवा अनोळखी माणसाचे नाव सांगताना संदर्भ कामी येत नाही. शिवाय ही पद्धत एका मुखाची कल्पना करते. यंत्राची घरघर त्या वर्णनात बसत नाही, आणि बोल विद्रूप होतो.

सुधारणा महाग आहे, असेही नाही. 2001 च्या सुमारास आलेल्या रुंद पट्ट्याच्या पद्धतीत 12,650 बिटांत 7,000 कंपनांपर्यंतचा आवाज जातो. म्हणजे प्रश्न निवडीचा आहे.

गुणवत्ता ठरविताना श्रोते 1 ते 5 गुण देतात व त्यांची सरासरी काढतात. आमचे मत असे, की या श्रोत्यांत मराठी, छत्तीसगढी व गोंडी बोलणारे असावेत, आणि चाचणीत कारखान्याचा गोंगाटही असावा. छत्तीसगढात 2010 पासून 'सीजीनेट स्वर' या उपक्रमात लोकांनी दूरध्वनीवर आपल्या बोलीत वार्ता नोंदविल्या. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा आवाज हेच त्याचे पत्र होय. त्यातील अक्षरे पुसून केलेली बचत ही काटकसर नव्हे.

शाळांनी हा प्रयोग स्वतः करावा: 'साल' व 'शाल' हे शब्द दूरध्वनीवर उच्चारावेत, आणि दहा विद्यार्थ्यांनी ऐकले ते लिहावे. चुका मोजल्या, की काटकसरीची किंमत कळेल.