निवाडा कोणाच्या घरापासून?

राष्ट्रांच्या पापांचा हिशेब देव आपत्तींच्या रूपाने चुकता करतो, हे विधान ख्रिस्ती व्यासपीठावरून इतक्या सहजतेने केले जाते की ते तपासून पाहण्याचे सहसा कोणास सुचत नाही. ती तपासणी काशीदच्या किनाऱ्यावर करावी. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडवर आदळले आणि काशीदसह मुरूड तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला येण्यास पाच-सात वर्षे जातात. हा जर भारत नामक राष्ट्राचा न्याय असेल, तर त्याची शिक्षा एका वाडीवाल्याने का भोगावी? शिलोहाचा बुरूज कोसळून दगावलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी होती, ही समजूत लूकच्या तेराव्या अध्यायात खुद्द येशूनेच खोडून काढली आहे. पश्चात्तापाची हाक त्याने दिली ती बातमी ऐकणाऱ्यांना.

1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला. या वादात आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे. तरी गांधीजींचे बोट निदान स्वतःच्या समाजाकडे वळलेले होते. आपल्या प्रवचनकारांचे बोट शेजाऱ्याच्या घराकडेच असते.

काशीदच्या उत्तरेस, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आहे. 1740 साली पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन केले. ज्या सत्तेने 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आणले, तिच्या या माघारीस ईश्वरी न्याय म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु झाले काय? सत्ता निघून गेली; गावातले कॅथलिक तेथेच राहिले. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून घडलेली त्यांची बोली आजही त्या गावात बोलली जाते. दंड राष्ट्राला झाला म्हणावा, तर ते राष्ट्र गलबतात बसून केव्हाच गेले होते. मागे राहिलेल्यांना कोणी विचारले होते?

याचा अर्थ निवाड्याची कल्पनाच जुनाट भीती म्हणून टाकून द्यावी, असा नव्हे. तसे करणारे उदारमतवादी धर्मचिंतक आम्हास तितकेच अपुरे वाटतात. ज्या देवाला अन्यायाचा राग येत नाही, त्याच्याकडे पीडिताने दाद तरी कशाला मागावी? साहित्याच्या विद्यार्थ्याने या संदर्भात आमोसच्या ग्रंथाची रचना पाहावी. तकोवाचा हा गुराखी प्रथम दमिष्काला दोष देतो, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. इस्राएली श्रोता प्रत्येक नावाला मान डोलावत असणार. वर्तुळ आवळत यहूदापर्यंत येते, आणि अखेरचा, सर्वांत दीर्घ आरोप त्या श्रोत्यावरच कोसळतो: गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकल्याचा. निवडलेपण ही सवलत नसून अधिक कडक हिशेबाचे कारण आहे, असे हा संदेष्टा बजावतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातही निवाड्याचा आरंभ देवाच्या घरापासूनच होतो. ज्या मंडळ्यांत लग्न जुळवताना आजही जात विचारली जाते, त्यांनी देशाच्या पापांची यादी वाचण्याआधी हा क्रम ध्यानात घ्यावा.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात सर्व राष्ट्रे सिंहासनापुढे जमतात, तेव्हा विचारणा होते ती भुकेल्याची, परक्याची आणि तुरुंगातल्याची. या अध्यायाचे मराठीतील सर्वोत्तम भाष्य एखाद्या टीकाग्रंथात शोधू नये. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई तो कोणाच्या पापामुळे पडला याचे प्रवचन देत बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या. 1897 मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रिया सुरक्षित नाहीत, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघडपणे लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ज्या सरकारविरुद्ध त्या लिहीत होत्या, ते त्यांच्याच धर्माच्या राणीचे होते.