पाच मिनिटांचा अंधार

इचलकरंजीच्या कारखान्यात वीज गेल्याचे आधी कानांना कळते. मागांचा खडखडाट एकदम थांबतो, धोटा मध्येच अडकतो. पाच मिनिटांत वीज परत येते. पण माग पुन्हा सुरू होताना कापडावर आडवी रेघ उमटते, तुटलेले धागे एकेक करून जोडावे लागतात. त्या रेघेपायी व्यापारी पैसे कापतो. कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, म्हणजे बंद मागासमोर बसून घालवलेला वेळ त्याच्याच खिशातून जातो. हे आम्हाला सर्वांत जास्त खुपते.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत वीज गेल्यावर विजेच्या भट्टीतला लोखंडाचा रस फार वेळ तसाच राहिला तर आतच गोठतो, भट्टीचे अस्तरही खराब होते. मोठा कारखाना जनरेटर लावतो; छोट्याला डिझेलची वीज परवडत नाही.

वीज कायदा 2003 च्या कलम 57 मध्ये सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूद आहे. 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी ती आपोआप देण्याचाही मार्ग दाखवला. थकबाकीवर व्याज जसे न मागता लागते, तशीच ही रक्कम पुढच्या बिलातून वजा झाली पाहिजे. त्यासाठी उद्योजकाने काम टाकून हेलपाटे का घालावेत? वीज वितरण कंपनीला आमचे सांगणे एवढेच: फीडरनिहाय खंडाची नोंद दरमहा जाहीर करा, अगदी पाच मिनिटांच्या खंडाचीसुद्धा. आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे भट्टी लावायची की नाही हे तरी ठरवता येईल.