मैदानावर हेलिकॉप्टर उतरते कुणासाठी?

गेल्या वार्षिक सभेत एका सभासदाने उठून विचारले, "गव्हाणीत मोळी टाकायला पाहुणे हेलिकॉप्टरने येतात. मग आमचा माणूस मरायला टेकला तर ते का येत नाही?" सभेत हशा पिकला. आम्ही शेती खात्याच्या मंडळींत बसलो होतो. आम्हांला काही हसू आले नाही, कारण त्यांच्या पुतण्याचा पाय त्याच हंगामात गेला, हे आम्हांला ठाऊक होते.

रात्री साडेआठची वेळ. मागे दिवा नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर पोराची मोटारसायकल आदळली. १०८ ची गाडी निघाली खरी, पण जागा कुणालाच नीट सांगता येईना. "कालव्याच्या पुलाजवळ या" म्हणे! असे पूल आपल्या एका गटात सात आहेत. पुढे एका दवाखान्याने दुसरीकडे धाडले. शस्त्रक्रिया सुरू व्हायला साडेतीन तास गेले.

तेव्हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) लहानशा बेल हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना बाहेरून स्ट्रेचर बांधून हजारो जखमी हलवले गेले. पश्चिम जर्मनीत १९७० साली रस्त्यावर १९ हजारांवर माणसे मेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून म्युनिकला 'ख्रिस्तोफ १' हे हेलिकॉप्टर कायमचे ठेवले गेले. त्यातली खुबी अशी, की ते नुसते जखमीला उचलून पळत नाही, आधी डॉक्टरला जखमीपाशी नेते.

पण आपल्यासारख्या सहकारी माणसांनी पाहावे ते स्वित्झर्लंडकडे. तिथली 'रेगा' ही संस्था १९५२ ची. १९५७ साली तिला हेलिकॉप्टर दिले ते तिथल्या ग्राहक सहकारी संस्थांच्या संघाने! पुढे पैसा संपत आला तेव्हा संस्थेने थेट लोकांपुढे पदर पसरला. १९६६ पासून वर्गणीदारांची पद्धत सुरू झाली. वर्षाला थोडी वर्गणी भरायची आणि वर्गणीदार संकटात सापडला तर संस्था त्याचा खर्च माफ करू शकते. आज ३५ लाखांवर वर्गणीदार आहेत. डोंगरातल्या कुरणात जायबंदी झालेली गायसुद्धा हेलिकॉप्टरला झोळी टांगून खाली आणतात. आपल्याकडे बैल पाय मोडून पडला तर काय होते, ते आपण जाणताच.

मग टनामागे रुपया कापून आपणही करावे का? काही मंडळी तसे म्हणतात. आमचे मत स्पष्ट आहे : नको. आठ लाख टन गाळप धरले तर आठ लाख रुपये होतात. भाड्याच्या हेलिकॉप्टरला तासाला लाखाच्या पुढे पडतात. हे एका कारखान्याचे काम नव्हे, राज्याचे आहे. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी सेवा सुरू केली. मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना त्या हेलिकॉप्टरची शेपटी मोडली. आतली माणसे वाचली, पण हेलिकॉप्टर गेले. यावरून हा कारभार किती नाजूक, ते दिसते.

शिवाय उभ्या उसात ते उतरणार कुठे? तोडलेल्या फडात उतरवावे तर पंख्याच्या वाऱ्याने पाचट उडून डोळ्यांत आणि यंत्रात जाणार. वरून विजेच्या तारा. आणि आपले अपघात बहुतेक रात्रीचे, तेव्हा अनोळखी रानात उतरणे वैमानिकालाही धोक्याचे. साप चावला तर जवळच्या सरकारी दवाखान्यात लस असणे हेलिकॉप्टरपेक्षा मोलाचे.

पण महापूर आला तर? २०१९ साली पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला वरूनच न्यावे लागते. म्हणून मोळीच्या दिवशी चुना मारून सजवतो ते मैदान बारा महिने मोकळे ठेवावे, भोवती तार ओढू नये आणि संचालक मंडळाने त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी नोंदवावी, असे आम्ही सुचवले आहे.

दुसरे काम आमच्याच खात्याचे, आणि ते आजवर केले नाही ही आमची चूक. प्रत्येक फडाचा गट नंबर आणि नकाशा ऑफिसात आहे. चिटबॉयला अंधारातही बांध सापडतो. येत्या हंगामापासून प्रत्येक पुलावर नंबर रंगवू आणि १०८ ला वाट दाखवायला गटागटांतल्या चिटबॉयचे फोन नंबर गावच्या चौकात लावू. ट्रॉलीमागे लावायचे लाल चमकते फलक शेती ऑफिसात आले आहेत. फलक नसलेल्या ट्रॉलीला काट्यावर नंबर मिळणार नाही. ट्रॉलीमालक रागावतील, त्याची तयारी ठेवून आहोत.