विधायकजी, अधिवेशनाच्या आधी उत्तर हवं

विधायकजी, हे निवेदन नाही. निवेदनं देऊन झाली. हा ग्वाल्हेरमधल्या लष्करच्या सराफा बाजारातून दिलेला इशारा आहे आणि त्याला मुदत आहे.

आजारपण केवढ्याला पडतं हे आमच्या पेढ्यांना नेमकं ठाऊक असतं. ऐन लग्नसराईत एखादी बाई पदराच्या गाठीतून पाटल्या काढते, तेव्हा कारण विचारावं लागत नाही. भिंडहून, मुरैन्याहून, दतियाहून माणूस इथल्या कुठल्या तरी दवाखान्यात आणलेला असतो. कारागीर पाटली कसोटीवर घासतो, तेजाबाचा थेंब सोडतो, वजन करतो, घट कापतो. बाईचं लक्ष काट्याकडे नसतं. पैसे भरायची खिडकी बंद होईल, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगते. भावात घासाघीससुद्धा करत नाही. ज्या बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करायचं सोडतं, तिथे काय चाललंय हे तुम्हाला कळायला हवं होतं.

आयुष्मान कार्डाचं नाव सांगू नका. २०१८ पासून गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, ते चांगलंच आहे. पण ते रुग्ण भरती झाल्यावरचं. भरती न होता महिनोन्‌महिने चालणारं औषधपाणी, बाहेरून करून आणलेल्या तपासण्या त्यात बसत नाहीत. पाटल्या तिथेच जातात.

दिल्लीकडेही बोट दाखवू नका. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय आहे, सहाव्या क्रमांकाचा. म्हणजे भोपाळच्या सभागृहाचा, म्हणजे तुमचा. रुग्णवाहिकेवर मोठ्या अक्षरात नाव रंगवून घेणं याला आम्ही आरोग्यविषयक भूमिका मानत नाही.

तुमची भूमिका काय आहे? धार, बैतूल, पन्ना, कटनी इथे खासगी भागीदारीतली वैद्यकीय महाविद्यालयं ठरली. जिल्हा रुग्णालयातल्या गरिबाच्या खाटेचं त्यात काय होणार? आणि या भागीदारीच्या तुम्ही बाजूने आहात की विरोधात? १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात सरकारी म्हणून उभं राहिलं. आज त्या चार जिल्ह्यांत अशी संस्था उभारणं राज्याला का झेपत नाही, हे सभागृहात विचारणार की नाही? नर्सिंग कॉलेजांच्या घोटाळ्यात उच्च न्यायालयाला तपास सीबीआयकडे द्यावा लागला आणि मे २०२४ मध्ये तपास करणारा सीबीआयचाच अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडला गेला. उद्या आमच्या आईला सलाईन लावणारी मुलगी खरोखर शिकलेली आहे, याची हमी कोण देणार?

आणि छिंदवाडा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधाने तिथली वीसहून जास्त लेकरं गेली. त्यांतल्या कित्येकांना आईबापांनी नागपूरपर्यंत नेलं होतं. औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, आणि ते आधी तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने सांगितलं. इथे सोन्याचा दागिना शुद्धतेच्या ठशाशिवाय विकला तर आमच्यावर कारवाई होते. ती झालीच पाहिजे. पण तान्ह्या पोराच्या तोंडात जाणारं औषध तपासणाऱ्या यंत्रणेत किती माणसं आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, हा तारांकित प्रश्न तुमच्या नावावर दिसला पाहिजे.

मुदत स्पष्ट सांगतो. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनाचा पहिला दिवस. त्याआधी या सगळ्यावर तुमचं उत्तर तुमच्या पत्रावर, तुमच्या सहीने आम्हाला मिळालं पाहिजे. "विचार सुरू आहे" हे उत्तर धरलं जाणार नाही. पक्षाची अडचण असेल तर तीही लिहून द्या. आम्ही कुठल्याच पक्षाचे म्हणून बोलत नाही; तुमच्या जागी दुसरा कोणी असता तरी हाच कागद त्याच्या दारी गेला असता.

उत्तर आलं नाही, तर अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी सराफा बाजार बंद राहील, एकूण एक शटर खाली. बाजाराच्या दोन्ही तोंडांना हे प्रश्न फलकावर लागतील, खाली तुमचं नाव आणि उत्तराची जागा कोरी. तुम्ही लिहून देईपर्यंत तो फलक उतरणार नाही. गणेशोत्सवात, दसऱ्याला, दिवाळीला या बाजारात तुमच्यासाठी कमान उभी राहणार नाही, हार येणार नाही, वर्गणी निघणार नाही. २०२८ च्या निवडणुकीत प्रचाराला आलात, तर प्रत्येक पेढीवर आधी त्या कोऱ्या जागेबद्दल विचारलं जाईल.