वाचलेले आणि वाटलेले

शाळेत एखादी कादंबरी वाचनासाठी नेमली जाते, तिच्यातील प्रकरणे वर्गात वाचली जातात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले जातात आणि शेवटी एक प्रश्न येतो : या कादंबरीविषयी तुमचे मत लिहा. प्रश्नपत्रिकेतील सर्व प्रश्नांमध्ये हा दिसावयास सर्वांत सोपा. परंतु वस्तुतः याच्याइतका अवघड प्रश्न दुसरा नाही. नायकाचे गाव कोणते, त्याला साहाय्य कोणी केले, अखेरीस काय घडले, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात सापडतात. मताच्या प्रश्नाचे उत्तर मात्र वाचणाऱ्याच्या मनात असावे लागते. आपल्या मनात काय आहे हे पाहण्याची सवय नसली, म्हणजे विद्यार्थी ते उत्तर मार्गदर्शिकेत शोधू लागतो.

याचा परिणाम उत्तरपत्रिकांत स्पष्ट दिसतो. ‘भाषा ओघवती आहे, व्यक्तिचित्रे ठसठशीत आहेत, कादंबरीतून मोलाचा संदेश मिळतो’, ही तीन वाक्ये एका वर्गातील अनेक मुले जणू एकाच हाताने लिहितात. ही वाक्ये खोटी असतात असे नाही; पण जे वाक्य शंभर कादंबऱ्यांना सारखेच लागू पडते, ते त्यांपैकी एकीविषयीही काही सांगत नाही. शिवाय कादंबरी न वाचताही ते लिहिता येते, हा त्याचा मोठाच दोष होय. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, कादंबरी वाचताना विद्यार्थ्याला खरोखर जे वाटले, ते कितीही ओबडधोबड असले तरी उसन्या घोटीव वाक्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. आणि शिक्षणाचे काम ते दडपणे हे नसून त्याला वळण लावणे हे आहे.

एक उदाहरण घेऊ. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरांच्या एका लहानशा वस्तीत एक तरुण शिक्षक येतो. प्रथम शाळेत मुलेच येत नाहीत. हळूहळू तो त्या वस्तीचा होतो. सर्वांच्या श्रमांतून गावात तालीम उभी राहते. पुढे पाऊस पडत नाही, माणसे मेंढरे घेऊन दूर निघून जातात आणि वाडी ओस पडते. ही कादंबरी वाचून एखादा मुलगा रागाने लिहील, ‘शेवट मला मुळीच आवडला नाही. सगळे गावच उठून गेले, तर एवढी तालीम बांधून काय उपयोग झाला?’ हे उत्तर मार्गदर्शिकेतील उत्तराशी जुळणार नाही. तथापि त्या मुलाने कादंबरी वाचली आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता? त्या ओस वाडीने त्याला अस्वस्थ केले आहे. आता त्याला एवढेच विचारावे : तालीम बांधण्यापूर्वी ही माणसे आणि मास्तर यांचे नाते कसे होते, आणि नंतर कसे झाले? तो मुलगा पाने उलटून पुन्हा शोधू लागेल. श्रम व्यर्थ गेले की नाही, याचा निर्णय तो स्वतः करील. कदाचित व्यर्थच गेले, असेच तो म्हणेल. पण आता त्या म्हणण्याला आधार असेल.

परंतु मनात प्रथम उमटलेले मत हेच अखेरचे मत, असा याचा अर्थ कोणी करू नये. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमू नावाच्या स्त्रीने आपली जीवनकथा स्वतःच्या तोंडाने सांगावी, अशी तिची रचना आहे. समंजस पतीच्या सहवासात तिला काही काळ सुख लाभते; पती निवर्तल्यावर मात्र तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. आजची एखादी विद्यार्थिनी हे वाचून अधीर होईल आणि विचारील, ‘यमूने हे सारे सहन का केले? ती घर सोडून निघून का गेली नाही?’ ही अधीरता स्वाभाविक आहे आणि निरोगीही आहे. पण तिच्यापाशीच थांबले, तर यमूवर अन्याय होतो. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. तरीही कायद्यापेक्षा रूढीचा हात फार लांब होता. माहेर, सासर, शेजारपाजार या सर्वांनी पाठ फिरविली, तर त्या काळच्या एकाकी स्त्रीने जावे कोठे? हे ध्यानात आले की, मुलीचा राग नाहीसा होत नाही. त्याची दिशा बदलते. यमूवरचा राग तिच्याभोवतीच्या माणसांवर जातो. पुढे ती स्वतःलाच विचारू लागते, ‘माझ्या शेजारी असे कोणाचे दुःख आहे, जे माझ्याही लक्षात येत नाही?’ कादंबरीच्या नावातील प्रश्न मग तिच्यापर्यंत पोहोचतो. पहिली प्रतिक्रिया टाकून दिल्याने हे घडत नाही; तिचा धागा धरून पुढे गेल्याने घडते.

काही पुस्तकांविषयी आपल्या मनात फार आदर असतो. अशा पुस्तकांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे आहे, असे अनेक मुलांना वाटते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ हे याचे उत्तम उदाहरण. त्यात एका वृद्ध, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बाईची मोळी खाली पडते. कोणी तिला हात लावावयास तयार नसते. श्यामची आई श्यामला मोळी उचलून द्यावयास पाठविते. पण परत आल्यावर स्नान करावयासही सांगते. येथे एखादा चाणाक्ष मुलगा विचारील, ‘मदत करणे चांगले असेल, तर मग स्नान कशाला?’ हा प्रश्न ऐकून कोणी डोळे वटारू नयेत. आई ज्या काळात आणि ज्या घरात वाढली, त्याच्या मर्यादेत राहून तिने माणुसकीचे एक पाऊल पुढे टाकले होते. त्या आईचा मुलगा मात्र तेथेच थांबला नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. आईने जेथवर आणून सोडले, तेथून मुलगा पुढे चालू लागला. त्या चाणाक्ष मुलाचा प्रश्नही त्याच वाटेवरचा आहे. ज्या पुस्तकावर आपले प्रेम असते, त्याला प्रश्न विचारल्याने ते प्रेम उणे होत नाही. ते डोळस होते.

येथे कोणी म्हणेल, ‘मग काय, ज्याला जे वाटेल ते खरेच मानावयाचे?’ मुळीच नाही. वाटणे हा विचाराचा आरंभ आहे. त्याला दोन कसोट्या लावल्या पाहिजेत. पहिली कसोटी ही की, मला असे वाटले ते पुस्तकातील कोणत्या प्रसंगामुळे, कोणत्या वाक्यामुळे, हे दाखविता आले पाहिजे. दुसरी कसोटी अधिक कठोर आहे : माझ्या मताच्या विरुद्ध जाणारे प्रसंग त्याच पुस्तकात आहेत काय, हे मी प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. ‘मला कंटाळा आला’ असे म्हणण्याचाही विद्यार्थ्याला अधिकार आहे; परंतु कोठे आला आणि का आला, हे सांगण्याचे बंधन त्या अधिकाराबरोबरच येते. विदर्भातील एखादा मुलगा श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कोकणातील माणसांची कादंबरी वाचावयास घेईल, तेव्हा तिच्यातील बोली त्याला प्रथम अडखळवील. तो दोष पुस्तकाचा की केवळ अपरिचयाचा? संवाद मोठ्याने वाचून पाहिले, तर अनोळखी शब्दांमागची ओळखीची माणसे दिसू लागतात. इतके करूनही पुस्तक आवडले नाही, तर तसे निःसंकोच लिहावे.

शिक्षकांची एक अडचण मला मान्य आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असतात, वेळ थोडा असतो आणि ठरावीक मुद्द्यांना ठरावीक गुण देणे न्यायाचेही वाटते. प्रत्येक मुलाने वेगळे मत मांडले, तर गुण कशावरून द्यावेत? पण या अडचणीतून मार्ग निघू शकतो. गुण मताला न देता मताच्या आधाराला द्यावेत. कादंबरी आवडली म्हणणाऱ्याला आणि न आवडली म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : तुझे कारण पुस्तकात कोठे आहे? ज्याने ते दाखविले, त्याचे मत परीक्षकाच्या मताहून निराळे असले तरी त्याचे गुण कापले जाऊ नयेत. एकदा एवढी खात्री मिळाली की, मुले स्वतःच्या शब्दांत लिहू लागतील.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. एक साधी वही करा. प्रकरण वाचून झाले की, तिच्यात तीन ओळी लिहा : काय घडले, काय लक्षात राहिले आणि काय खटकले. हे लिहून होईपर्यंत मार्गदर्शिका उघडू नका, मित्राचे उत्तर पाहू नका. पुढे मत बदलले, तर आधीची ओळ खोडू नका. तिच्याखाली नवी ओळ लिहा. वर्ष संपल्यावर ती वही उघडाल, तेव्हा कादंबरीबरोबर तुमचे मन कसे वाढत गेले, याचाही वृत्तांत तुम्हांला तीत वाचावयास मिळेल.

हा सारा खटाटोप चार-पाच गुणांसाठी करावयाचा नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची संधी आयुष्यात फारशी मिळत नाही. कादंबरी ती घरबसल्या देते. दुष्काळात गाव सोडणारा धनगर, केशवपनासाठी बसविलेली विधवा, पडलेल्या मोळीपाशी उभी असलेली म्हातारी, यांच्याकडे पाहून काय वाटले, हे सांगतानाही जर आपण दुसऱ्याचे शब्द उसने घेऊ लागलो, तर उद्या खरीखुरी माणसे समोर येतील तेव्हा काय करू? कोणी आपल्याला सांगेल, ही माणसे वाईट आहेत, आणि आपण मान डोलावू. लोकशाहीत प्रत्येकाला मत देण्याचा अधिकार आहे. पण ते देण्यासाठी आधी स्वतःचे मत असावे लागते, आणि त्याची कारणे स्वतःला तरी ठाऊक असावी लागतात. ते एका दिवसात तयार होत नाही. शाळेच्या बाकावर, एखाद्या कादंबरीच्या पानाशी थांबून ‘मला असे का वाटले?’ हे जो आज स्वतःला विचारतो, तोच उद्या चार माणसांत आपले मत निर्भयपणे मांडू शकतो आणि दुसऱ्याचे मत शांतपणे ऐकूनही घेऊ शकतो.