वादविवादाचा करंडक

कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत मी करंडक मिळवला होता. विषय होता, ‘महिलांसाठीच्या कायद्यांचा गैरवापर होतो’. चिठ्ठीत माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. ‘खरंच छळ होता, तर ही बाई इतकी वर्षं गप्प का बसली?’ या माझ्या प्रश्नावर सभागृहात टाळ्या पडल्या. परीक्षकांनी सफाईदार मांडणीचं कौतुक केलं. प्रश्नामागचं गृहीतक कुणी तपासलं नाही. मीही नाही.

पुढे एम.एस.डब्ल्यू. करून समुपदेशन केंद्रात काम करू लागले. अकरा वर्षं मार खाल्लेली एक ताई समोर बसली होती. तिच्या दिराने नेमका माझाच प्रश्न विचारला. तिने मान खाली घातली. मला माझी शरम वाटली.

त्या वेळी आठवलं ते एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात वाचलेलं एक पत्र. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. धाकापुढे नमणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हे त्यांनी दाखवून दिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

मी दिराला एवढंच विचारलं, “भाऊ, त्या बोलल्या असत्या, तर त्या रात्री त्यांनी जायचं कुठे होतं?” तो गप्प झाला.

वादविवाद वाईट आहे असं मी म्हणत नाही. उभं राहून बोलायला मी तिथेच शिकले. पण निकालाआधी प्रत्येक स्पर्धकाला विचारायला हवं: तुझं म्हणणं कशावर उभं आहे? पुरावा काय? ज्यांच्याविषयी बोललीस, त्यांचं म्हणणं ऐकलंस का?

मैत्रिणींनो, हे प्रश्न आपल्या बैठकांतही हवेत. आपल्यातली एखादी ठाम बोलते, बाकीच्या गप्प राहतात आणि इतिवृत्तात आपण ‘एकमताने मंजूर’ लिहून मोकळ्या होतो. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे आपणच न्यायालयाला सांगितलं होतं ना?