किल्ल्या कोणाच्या कमरेला?

संगणकयुग आले, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. त्याचे खरे रूप फुलंब्रीच्या बाजारात पाहावे. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज असो की २०२५ मधील लाडक्या बहिणीची ई-केवायसी, आमचा माणूस सेवा केंद्रावर जातो, ओटीपी सांगतो, आणि पासवर्ड राहतो केंद्रवाल्याच्या वहीत. ही वही हाच आमचा पासवर्ड मॅनेजर! यात हसण्यासारखे काही नाही. ज्याला अक्षरओळख नाही, त्याने दुसरे काय करावे?

आता या वहीच्या जागी नवा कारभारी येऊ पाहत आहे. २०२५ मध्ये बिटवॉर्डनने आपली पासवर्डची तिजोरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना जोडण्याची सोय केली. आपण काम सांगायचे; किल्ली शोधणे यंत्राकडे. गरिबाची एका दिवसाची मजुरी यामुळे वाचू शकेल, हे मी नाकारीत नाही. पण असे यंत्र संकेतस्थळावरील मजकूर वाचते, आणि त्यात एखाद्या लबाडाने पेरलेली सूचना ते मालकाचीच आज्ञा समजू शकते. वहीवाला निदान ओळखीचा असतो; त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येते!

म्हणून वनपासवर्डने त्याच वर्षी काढलेली तोड मला अधिक पटते. माणसाने होकार दिला, की पासवर्ड परस्पर पानात भरला जातो. यंत्राला तो दिसतच नाही. परंतु हा होकार कोणत्या भाषेत मागणार? इंग्रजीतील चार ओळी समोर आल्या, तर माझी आई होकार देईलच. आजही ती कोणत्याही कागदापुढे एवढेच विचारते, "अंगठा कुठं लावू?"